दुष्काळ नव्हता

"सोमवारी आईला घेऊन ये. वस्तीतल्या आणखी आठ-दहा बायका मिळाल्या तर उत्तमच."

मी एम.ए.च्या प्रवेशाचं विचारायला गेले होते. समाजशास्त्राच्या विभागप्रमुखांनी माझी बी.ए.ची गुणपत्रिका हातात घेतली, आडनाव वाचलं आणि खाली ठेवली. गुण पाहिलेच नाहीत. वस्तीचं नाव मी सांगायच्या आत त्यांनीच सांगितलं. बरोबर सांगितलं. एवढे हुशार होते.

मला एकच गोष्ट शिकायची होती. माणसं गाव सोडून नागपुरात का येतात? आमची अख्खी वस्तीच अशी आलेली. पण हे कोणत्या विषयात शिकवतात, ते सांगणारं घरात कुणी नव्हतं. आई विड्या वळायची, अंगठा उठवायची. मीच एकेका विभागाचे उंबरठे झिजवत होते. अर्थशास्त्रवाले म्हणाले, आम्ही मजुरांचा पुरवठा शिकवतो. भूगोलवाल्यांनी नकाशावरचे बाण दाखवले. बाणाला काय, त्याला गावातून कुणी हाकलत नाही. उरलं समाजशास्त्र. तिथले सर तर स्थलांतरावरच मोठा ग्रंथ लिहीत होते. पण त्यांना विद्यार्थिनी नको होती, तिची आई हवी होती.

आणि मी नेली. याची लाज अजून वाटते. वाटलं, सर खूश होतील, प्रवेश देतील. आईनं त्या दिवशीच्या विड्या बुडवल्या, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसली.

सरांची एक विद्यार्थिनी छापील कागद घेऊन बसली होती. सर बाजूला चहा पीत होते. तिनं विचारलं, "गाव का सोडलं? दुष्काळ, रोजगार, लग्न की इतर?"

आई म्हणाली, "दीक्षा घेऊन आलो अन् मेलेलं ढोर ओढाले आमी नाही म्हटलं, बाई. मंग गावानं तेच ढोर आमच्या विहिरीत आणून टाकलं. लेकरायले काय पाजावं?"

मुलीचं पेन थांबलं. तिनं सरांकडे पाहिलं.

"पाणी नव्हतं म्हणते ना? दुष्काळ. खूण कर," सर म्हणाले.

"दुष्काळ नव्हता जी. पाणी लय होतं त्यात."

"बाई, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

एवढा शिकलेला माणूस! सडलेल्या ढोराला दुष्काळ म्हणत होता आणि बशीतला चहा फुंकत होता. त्याला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, म्हणूनच घाईनं खूण करून घेतली.

मी उठले. म्हटलं, "आई म्हणाली ते लिहा. नाहीतर तिचं नाव खोडा."

"खोड," सर त्या मुलीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तू बी.एड. कर. तुमच्यातल्या मुलींना लगेच नोकरी लागते. संशोधनाला तटस्थपणा लागतो. तो तुम्हाला जमायचा नाही."

तटस्थपणा! ज्याच्या विहिरीत कधी कुणी ढोर टाकलं नाही, त्याला तटस्थ राहायला काय जातं?

मी मुलीच्या हातून कागद घेतला आणि आईचं नाव स्वतः खोडलं, शाई मागच्या बाजूला उमटेपर्यंत. तशीच कार्यालयाच्या खिडकीवर गेले. कारकुनानं गुण पाहिले, म्हणाला, एवढ्यावर प्रवेश कुणाला अडवता येत नाही. मी अर्ज घेतला. विषय लिहिला, समाजशास्त्र.

बाहेर आई म्हणाली, "त्याच्यापाशीच शिकतं काहून वं? दुसरं नाही का काही?"

"दुसरं आहे. पण खोटं इथं लिहून राहिले ना, आई."

मला सरांची शाबासकी नको होती, माफीही नको होती. पदवी हवी होती, कारण तिच्याशिवाय आईचं बोलणं कुणी छापणार नव्हतं. दोन वर्षं त्यांच्यासमोर पहिल्या बाकावर बसायचं. त्यांची पद्धत त्यांच्याच तोंडून शिकायची. मग त्यांच्या ग्रंथासाठी भरलेले ते छापील कागद उघडायचे, आणि ज्या ज्या माणसापुढं त्यांनी दुष्काळ लिहिलाय, त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन पुन्हा विचारायचं. सांगेल तेच लिहायचं.