फळ्यावरचं नाव
काल गारखेड्यात दारावर घोंगडीवाला आला आणि लोकरीच्या वासानं मला विद्यापीठातला कित्येक वर्षांपूर्वीचा तो वर्ग आठवला. परदेशी विद्यार्थी पाहुणे आले होते. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या बोलीतली कविता म्हणायची, मी पाहुण्यांसाठी भाषांतर करून फळ्यावर कवीचं नाव लिहायचं. देवगाव रंगारीच्या माझ्या विद्यार्थिनीनं मेंढ्या कातरतानाचं गाणं म्हटलं, आणि मी सवयीनं लिहिलं, ‘कवी अज्ञात’. ती हळूच म्हणाली, “सर, हे माझ्या मायनं रचलंय. ती बघा, मागं बसलीय.” मागच्या बाकावर घोंगडी पांघरलेली बाई होती. असल्या गाण्यांना कुणी एक कवी नसतोच, असं मी पाहुण्यांना नुकतंच ठासून सांगितलं होतं. चुकलो म्हणायची लाज वाटली. मी पुढच्याला उठवलं. तास संपल्यावर मायनं फळ्याकडं बोट केलं, “माझं नाव लिवलंय का गं तिथं?” पोरगी माझ्याकडं बघत म्हणाली, “व्हय माय, लई मोठं लिवलंय.” बाई हरखून हसली. खडू माझ्या हातातच होता. त्या गेल्यावर रिकाम्या वर्गात मी फळा पुसला. त्या बाईचं नाव विचारायची तेव्हा हिंमत झाली नाही. आज विचारावं, तर ती पोरगीही कुठं आहे ठाऊक नाही, सांगणारं कुणी नाही.