केत्तुलाच्या तीन स्टिक

इल्मारी केत्तुला पहिल्यांदा माझ्या खोलीत आला तेव्हा मी धार लावलेले त्याचे स्केट्स त्याने टेबलावरून उचलले आणि काही न बोलता अंगठ्याचे नख पात्यावरून ओढले. नखाचा पांढरा भुगा खाली पडला. त्याने मान हलवली आणि गेला. मला वाटले, गर्विष्ठ आहे. ती त्याची पसंती होती, हे पुढे कळले.

मी आमच्या आइस हॉकी क्लबच्या खेळाडूंचे सामान सांभाळतो. धार लावायची, कपडे धुवायचे, हातमोजे शिवायचे, स्टिक मागवायच्या आणि प्रत्येकाच्या उंचीला कापून द्यायच्या. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली माझी बिनखिडकीची खोली आहे. एकोणीस वर्षांत तिथे किती परदेशी खेळाडू येऊन गेले, आठवत नाही. क्लब त्यांना घर देतो, मोटार देतो. मोटारीच्या दारावर खाटकाच्या दुकानाची जाहिरात असते आणि तिच्याखाली खेळाडूचे नाव मोठ्या अक्षरांत चिकटवलेले असते. त्यामुळे केत्तुला आत्ता कुठे आहे हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक असे. तो कसा आहे हे कुणी विचारत नसे.

तो फिनलंडमधल्या ईसाल्मीचा. वडील दुधाच्या टँकरवर होते. एकोणिसाव्या वर्षी तो गावच्या संघात आला, चोविसाव्या वर्षी तिथून बाहेर पडला. स्वीडनची दुसरी श्रेणी, मग डेन्मार्क, नॉर्वे, हंगेरी आणि शेवटी आम्ही. नऊ वर्षांत पाच देश. हे सगळे त्याने मला तीन हिवाळ्यांत मिळून सांगितले, एका वेळी एखादे वाक्य. सकाळी सरावाच्या तासभर आधी तो दोन कप कॉफी घेऊन यायचा, एक माझ्यासमोर ठेवायचा आणि उलट्या बादलीवर बसून स्टिकच्या पात्याला काळी चिकटपट्टी गुंडाळायचा. माझी बायको जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. मलाही बोलायचे नसायचे. धार लावण्याचे यंत्र काय आवाज करायचे तेवढाच.

त्याला आणला होता गोल करायला. गोल न करणारी पोरे आमच्याकडे गावचीच पुष्कळ होती, त्यासाठी परदेशातून माणूस आणावा लागत नाही. बर्फावर आखलेल्या उजव्या वर्तुळात तो उभा राही. पलीकडून रबराची चकती सरपटत आली की न थांबवता, आली तशीच तो हाणायचा. त्या फटक्याचा आवाज खेळाडूंच्या बाकामागे उभ्या माझ्या छातीत बसे. असा फटका मारणाऱ्याच्या स्टिक फार मोडतात. महिन्याला सहा-सात. मी बाकामागून दुसरी पुढे करायचो. तो न बघता हात मागे न्यायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात, नोव्हेंबरमध्ये, एका सकाळी त्याचे नख पिवळे दिसले.

“रंग लावतोय घरी,” तो म्हणाला. “लहान खोलीला. आइनोला पिवळा पाहिजे.”

आइनो त्याची मुलगी, आठ वर्षांची, आईबरोबर ईसाल्मीत. बायकोने त्याला सांगितले होते: एका गावात पुढच्या वर्षाचा करार मिळव, मग आम्ही येतो, दर हिवाळ्याला शाळा बदलायला मुलगी म्हणजे बॅग नाही. मॅनेजर ब्लाझेय त्याला म्हणाला होता, जानेवारी संपू दे, बोलू. आमच्याकडे एकतीस जानेवारीनंतर संघात माणूस बदलता येत नाही. तोवर टिकला तर करार, करार झाला तर पिवळी खोली.

डिसेंबरात मी स्टिकची यादी घेऊन ब्लाझेयकडे गेलो.

“फिनलंडवाल्याच्या सध्या मागवू नकोस.”

“काढताय की काय त्याला?”

“मी काय म्हटलं? सध्या म्हटलं. एक कॅनडावाला बघतोय, अजून नक्की नाही. आणि ओंद्रेय, तोंडाला कुलूप लाव. तुझी खोली म्हणजे गावची चावडी आहे.”

दुसऱ्या दिवशी केत्तुलाने कोपऱ्यात बघितले. त्याच्या नावाच्या तीनच स्टिक उभ्या होत्या.

“खोकं नाही आलं, काका?”

इथे मी खरे सांगायला हवे होते. पण कॉफी समोर होती, त्याचे नख पिवळे होते, आणि ब्लाझेयचे अजून नक्की नव्हते. मी म्हणालो, “अडकलंय कुठंतरी. नाताळ आहे ना. तीन आहेत तेवढ्या जपून वापर.”

“ठीक,” तो म्हणाला. “जपतो.”

हा माणूस सांगितलेले तसेच्या तसे धरून चालणारा आहे, हे मी विसरलो.

पुढच्या सामन्यात चकती उजव्या वर्तुळात आली. त्याने ती थांबवली. इकडेतिकडे बघितले आणि दुसऱ्याला दिली. मला वाटले, बरोबर, वाट बंद असेल. पुन्हा आली, पुन्हा दिली. तिसऱ्या वेळी प्रेक्षक ओरडले, “मार!” सगळ्या पायऱ्या ओरडत होत्या. तो मारत नव्हता. त्याच्या दोन पासांवर दोन गोल झाले, आम्ही जिंकलो, आणि मी मनाची समजूत घातली की असेही चालेल.

“काय रे इल्मारी,” कपडे बदलताना गोलरक्षक म्हणाला, “स्टिक आजोबांची आठवण म्हणून ठेवलीय का?”

“तीन आहेत,” केत्तुला म्हणाला.

सगळे खदाखदा हसले. त्यांना वाटले, फिनलंडचा विनोद असावा.

त्यानंतर चार सामने हरलो. कोच रुस्नाक बाकामागे माझ्यापुढे हातभर अंतरावर उभा असायचा. “हा माणूस पोस्टमन आहे काय?” तो ओरडायचा. “आलेलं पुढं पाठवायला? मारायला आणलाय ना त्याला? संपला हा. घाबरला.” माझ्या हातात केत्तुलाची जादा स्टिक असायची. मला रुस्नाकच्या पाठीला हात लावून एक वाक्य बोलायचे होते. मग मला आधीपासून माहीत होते हेही बोलावे लागले असते. मी स्टिक घट्ट धरून उभा राहायचो.

अठ्ठावीस जानेवारीला सकाळी तो कॉफी न घेता आला. खांद्याला बॅग. तिन्ही स्टिक त्याने टेबलावर ओळीने ठेवल्या.

“कॅनडावाला उद्या येतोय,” तो म्हणाला. “मला फ्रान्समध्ये जागा आहे. खालची श्रेणी. मेपर्यंत.” मग म्हणाला, “एकही मोडली नाही.”

“खोकं अडकलं नव्हतं,” मी म्हणालो. “मला मागवू नको म्हणून सांगितलं होतं. मी मागवलंच नव्हतं.”

तो उलट्या बादलीवर बसला. वर पायऱ्यांवर कुणीतरी झाडू मारत होते, तो आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला.

“सांगितलं असतंत, काका,” तो म्हणाला, “तर तिन्ही मोडल्या असत्या मी.”

त्याने बॅगेतून स्केट्स काढून माझ्यापुढे ठेवले. मी धार लावली, एरवीपेक्षा सावकाश. त्याने नख ओढले. भुगा पडला. नखावर पिवळा रंग नव्हता आता. त्याने मान हलवली आणि जाताना दार लोटून घेतले.

मोटारीवरची अक्षरे काढायचे कामही माझेच. केस वाळवायच्या यंत्राने गरम केली की सुटतात. सुटली, पण खालचा रंग उन्हापावसाने उडाला नव्हता, त्यामुळे केत्तुला हे नाव काही दिवस तसेच वाचता येत होते. नवा माणूस त्या पिवळ्या खोलीत व्यायामाची सायकल ठेवतो, असे त्यानेच मला सांगितले. तो उंच आहे. केत्तुलाच्या त्या तीन स्टिक त्याला तोकड्या पडतात. कुणालाच बसत नाहीत. कोपऱ्यात उभ्या आहेत.

रविवारी सकाळी यंत्र चालू करण्याआधी मी फोनवर फ्रान्सच्या त्या खालच्या श्रेणीचे निकाल बघतो. प्रत्येक खेळाडूने किती फटके मारले तेही त्यात देतात. काल रात्री केत्तुलाचे गोल शून्य होते. फटके अकरा.