काका आणि लंगडणारं इंजिन

हिच्या काकांनी ज्याला कधी धक्का दिला नाही असा माणूस अख्ख्या टेमघरात सापडायचा नाही, आणि त्यांतले निम्मे धक्के, जावई या नात्याने, एकट्या माझ्या वाट्याला आले आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा या-बसा राहिलं बाजूला, काका थेट माझ्या गाडीपाशी गेले, बॉनेटवर तळवा टेकला आणि डोळे मिटून म्हणाले, "जावईबापू, तुमचं इंजिन लंगडतंय. ऐका!" शेजारच्या शेडमधल्या यंत्रमागांच्या खडखडाटात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, तिथे इंजिनाचा कुठला येणार! पण नवा जावई, मान हलवली. दुसऱ्या दिवशी निमूटपणे चारही प्लग बदलून घेतले.

काका जन्मभर मागांचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो ठाकठीक करणारे. काम सुटल्यावर काकींना फिरवायला म्हणून त्यांनी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि दुरुस्तीची सगळी हौस गाड्यांकडे वळली. गाडी जागेवर उभी असताना इंजिनाने एका लयीत गुरगुरावं, मध्ये अडखळू नये, एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी त्यांनी काय काय करावं? डॉक्टर काकींची नाडी बघत होते तेव्हा हे बाहेर डॉक्टरांच्या गाडीची नाडी बघत होते, आणि दोघींपैकी काकींची तब्येत बरी आहे असं त्यांनी डॉक्टरांनाच सांगितलं. शेजारचे आजोबा वारले, शववाहिनी दारात उभी, रडारड चाललेली, आणि काकांनी चालकाला खाली उतरवलं. मी हात धरून मागे ओढलं तर मलाच म्हणाले, "माणूस गेला तो गेला, पन नेनारी गाडी तरी धड पायजे का न्हाय?" मी शरमेने अर्धा झालो. रस्त्यावर मात्र ते कुठल्याही गाडीला हात लावत नसत. खड्ड्यांत काही कळत नाही, इंजिन तपासावं ते आपल्या दारातल्या सपाट कोब्यावरच, असा त्यांचा नियम होता.

गाडी चालवतानाही तोच ताठा. काल्हेरच्या रस्त्यावर मागून ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून जीव काढला तरी काका तसूभर बाजू देत नसत. आम्ही त्याला करारीपणा म्हणत असू.

आजवर गल्लीच्या तोंडाशी लावलेली त्यांची स्वतःची गाडी गेल्या वर्षी दारात उभी राहायला लागली, आणि तीही लंगडायला लागली. प्लग झाले, कॉइल झाली, हवेची नळी बदलली, थ्रॉटल धुऊन झालं. गॅरेजवाला कान लावून म्हणाला, "चाचा, इंजिन तो मक्खन चल रहा है." काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यो मिस्तरी बहिरा हाय." शेवटी एका रविवारी काकींचा फोन आला. रडत होत्या. "भंगारवाला दुपारी न्यायला येतोय. अवो, गाडी हाय म्हनून मी घराबाहेर तरी पडते. ह्यांना समजवा."

मी पोचलो. काकांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले. "शेवटचं ऐकून घ्या. करा चालू." मी आत बसलो आणि तेवढ्यात फोन वाजला, म्हणून चावी लावायची राहिली. बाहेरून काका ओरडले, "ऐकलंत? दुसरा सिलिंडर! लंगडतंय ना?"

चावी माझ्या मुठीत होती.

मी खाली उतरलो, बॉनेटला हात लावला. थरथर होती. खाली कोब्यावर बसून तळवा टेकला, तिथेही तीच थरथर. भिंतीपलीकडचे माग आमच्या पायाखालून चालले होते. तो कोबा इतकी वर्षं साऱ्या पाहुण्यांच्या गाड्या लंगडवत होता, आणि त्याच थरथरीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला ती वेगळी जाणवतच नव्हती. आणि कान? बंद इंजिन ऐकणाऱ्या माणसाला ऐकूच येत नव्हतं! मी दारातल्या काकींकडे पाहिलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं! ज्या गल्लीत सगळेच ओरडून आणि हातवारे करून बोलतात, तिथे एक माणूस ओठांवरून बोलणं वाचतोय हे आम्हाला कळणार कसं? काल्हेरचे ते हॉर्न काकांनी कधी ऐकलेच नव्हते! मी चावी मुठीत आणखी घट्ट धरली.

"एकदा बाहेर बघू," असं सांगून मी दोघांना त्यांच्याच गाडीत घातलं, गाडी मीच चालवली आणि कोन गावाच्या पुढे, शेताकडेच्या मोकळ्या जागेत थांबलो. इंजिन चालू ठेवलं. काकांनी उतरून बॉनेटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. आनंदाने ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उतरत गेला. जॉबरच तो, उलगडा व्हायला कितीसा वेळ लागणार!

"मगाशी दारात गाडी बंद व्हती," ते म्हणाले.

मी होकारार्थी मान हलवली. खोटं बोलवेना.

काकींनी फोन करून भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. काका ऐकत नव्हते, पण बघत होते. मग चालकाच्या दाराला वळसा घालून ते पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. गाडी चालवणं त्यांनी आपणहून सोडलं होतं; मला फार वाईट वाटलं. मी शेजारी बसलो, तेव्हा त्यांनी माझा चेहरा स्वतःकडे वळवला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "कसं वाजतंय ते सांगा ना."

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. तरी तोंड स्पष्ट उघडून सांगितलं, "एकसारखं, काका. कुठे अडखळत नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. "परत सांगा," म्हणाले.