मीठ शेवटी घेजो

कुरखेड्याच्या स्टँडवर मी वडसा गाडीची वाट पाहत उभा होतो, तेव्हा माझ्या पायांत नवे बूट होते, शेजारी पत्र्याची पेटी होती आणि रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात आमच्या घरचं चार महिन्यांचं मीठ बांधून ठेवलेलं होतं. ते मी घरी पोचवलं नाही. मला जे कबूल करायचं आहे ते एवढंच. इतकी वर्षं ते मी कागदावर उतरवलं नव्हतं.

जे गावात राहिले त्यांना आमचं गाव सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्या मुलांसाठी सांगतो. एका बाजूला सती नदी, दुसऱ्या बाजूला मोठा नाला, मागे जंगल. मृगानंतर नाला भरला की दसऱ्यापर्यंत बाहेरचा रस्ता बंद. म्हणून रोहिणीतच चार महिन्यांचा बाजार भरून ठेवायचा. भात घरचा असायचा, लाखोळीची डाळ घरची, मोहफुलं आणि भाजीपाला रानातला, मासे नाल्यातले. बाहेरून आणायचं ते तेल, तिखट, गूळ, रॉकेल, काडेपेट्या आणि मीठ. यातल्या बाकी सगळ्या गोष्टींवाचून माणूस कसंबसं भागवतो. मीठ मात्र रानात उगवत नाही.

वडील गेल्यापासून हा बाजार माझ्याकडे होता. मायचा एक नियम होता. "मीठ शेवटी घेजो, अन् येगळं आनजो." मिठाला पाणी सुटतं. ते गुळाजवळ ठेवलं तर गूळ जातो, तांदळाजवळ ठेवलं तर तांदूळ. म्हणून आधी बाकीचा बाजार बैलबंडीत घालून आणायचा आणि मिठासाठी वेगळी फेरी मारायची. त्या वर्षीही मी तसंच केलं. गावातल्याच सोमाभाऊ कुमरेच्या बंडीतून सगळा किराणा घरी आला. मिठाची फेरी तेवढी राहिली होती आणि नोकरीची तार आली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. वायरलेस ऑपरेटरची सरकारी नोकरी, आणि ती अंदमानातल्या एका लहान बेटावर. मद्रासहून बोट ठरल्या दिवशी सुटणार होती. भाताच्या पऱ्ह्याचं, रोपांचं काम सोडून माय आणि धाकटी बहीण शेवंता मला नाल्यापर्यंत सोडायला आल्या. माय रडली नाही. ती म्हणाली, "कुरखेड्याले मीठ हाय. कोनाच्या हातानं धाडून देजो."

आणि स्टँडवर सोमाभाऊ भेटला. चारोळी विकून तो रिकामी कावड खांद्यावर टाकून परत निघाला होता. त्याने विचारलं, "काई न्यायचं हाय का गावाले?"

माझ्याजवळ तेव्हा आरमोरीचे माझे गुरुजी उभे होते. त्यांच्यासोबत दोन इस्त्रीच्या कपड्यांतले गृहस्थ होते, आणि गुरुजी त्यांना माझी ओळख करून देत होते. आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला केंद्र सरकारी नोकर, बोटीने जाणार, वगैरे. या लोकांसमोर नव्या बुटांनी रस्ता ओलांडून मिठाचं पोतं खांद्यावर घेऊन यायचं माझ्या जिवावर आलं.

मी म्हणालो, "नाई."

सोमाभाऊ दहा पावलं गेला आणि वळला. "पाह्य बरं बाबू. रिकामाच जाऊन राह्यलो."

"काई नाई, सोमाभाऊ."

तो गेला. गाडी आली. विसरलो असतो तर आज लिहीत बसलो नसतो. मला तेव्हा आठवत होतं. चार दिवसांनी नाला भरला, हे मला पुढे पत्रातून कळलं.

वडसा, तिथून छोट्या रेल्वेने चांदा म्हणजे चंद्रपूर, बल्लारशाहून मद्रास, आणि मग साडेतीन दिवस नुसतं पाणी. पोर्ट ब्लेअरहून आणखी एक लहान बोट. बेटावर जेट्टी नव्हती. बोट लांब उभी राहायची आणि डोंगीतून, म्हणजे लहान होडीतून, आम्ही सामानासकट किनाऱ्यावर यायचो. आम्ही सरकारी माणसं बाराजण, थोडे लाकूडतोडीचे मजूर आणि मुरुगन अण्णांचं एक दुकान. बोट पंधरा दिवसांनी यायची. मेस नव्हती. ज्याने त्याने आपला स्टोव्ह पेटवायचा.

मी माझ्या खोलीत जनरेटर बघणाऱ्या थॉमससोबत राहत होतो. तो केरळातला, समुद्रकाठचाच. पहिल्या बोटीचं सामान उतरलं तेव्हा दुकानावर जी झुंबड उडाली ती मी आधी शांतपणे पाहिली. सगळे बटाटे, कांदे, अंडी, कोबी, पाव यांवर तुटून पडले होते. दोन दिवस सणासारखे खायचे, पाचव्या दिवशी पाव बुरसायचा, दहाव्या दिवशी कांदे सडायचे आणि मग बोटीच्या नावाने शिव्या. मी तांदूळ, तूरडाळ, चिंच, सुक्या मिरच्या, तेल आणि सुकी मासळी घेतली. महिनाभर पुरेल एवढी. थॉमस म्हणाला, "क्या भाई, घर में शादी है?"

मी वाळूत सापडलेल्या फळ्यांची मांडणी केली, तांदळात मिरच्या पुरल्या, डाळीला राख चोळली, डब्यांची तोंडं कापडाने बांधली. हे सगळं माझे हात आपोआप करत होते. गावी असताना मला या गोष्टींची लाज वाटायची. आरमोरीला शिकताना मित्रांच्या घरी रोज ताजी भाजी यायची आणि आमच्याकडे मडक्यांची उतरंड. मला वाटायचं, हे मागासलेपण आहे. त्या बेटावर कळलं, की चार महिने तुटलेल्या गावात माणसं धड जगवणं ही विद्या आहे आणि ती मला येते. त्या महिन्यात बोट सत्तावीस दिवस आली नाही. थॉमस रोज माझ्या मांडणीपुढे बसायचा आणि गुमान डाळ निवडायचा. पुढच्या बोटीपासून बाराही जणांचा बाजार मीच करू लागलो. साहेबसुद्धा विचारायचे, किती तांदूळ घेऊ?

पण त्या सत्तावीस दिवसांत एक गोष्ट झाली. सवयीप्रमाणे मी मीठ शेवटी घ्यायचं ठेवलं होतं. घ्यायला गेलो तर अण्णांनी पोतं दाखवलं. खाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. "साहब, नमक तो पानी हो गया."

दोन दिवस उधारउसनवार करून भागलं. तिसऱ्या दिवशी कुणाकडेच मीठ उरलं नाही. दुपारी भाताचा पहिला घास तोंडात गेला आणि मी थांबलो. अळणी वरणभात कसा लागतो हे सांगता येत नाही. जीभ आपली नाही असं वाटतं. थॉमसने दोन घास खाऊन ताट सरकवलं. मी तसाच बसलो होतो. माझ्यासमोर ते ताट नव्हतंच. आमची चूल होती, तिच्याजवळचं मिठाचं मडकं होतं, आणि नाला तेव्हा नक्की भरलेला होता.

त्याच दुपारी मी घमेलंभर समुद्र चुलीवर चढवला. पाणी पूर्ण आटवलं आणि खरवडून मीठ काढलं. ते इतकं कडू होतं की थुंकून टाकावं लागलं. थॉमस पोट धरून हसला. मग त्याने सांगितलं, "पूरा मत सुखाओ. आखिरी पानी फेंको, कड़वा उसी में है." दुसऱ्या वेळी खडे दिसू लागताच ते पळीने काढून घेतले आणि तळाचं पाणी ओतून दिलं. राखाडी रंगाचं, पण खरं मीठ. दोन दिवस घमेली चढवत राहिलो आणि सगळ्यांना वाटीवाटीभर दिलं.

पुढच्या बोटीने घरी पत्र टाकलं. मीठ पोचलं का, एवढंच विचारलं. मी धाडलंच नव्हतं, तरी पोचलं का असं विचारलं. उत्तर दोन महिन्यांनी आलं, शेवंताच्या अक्षरात. "घरी मीठ भरपूर आहे. काळजी करू नको. मायने सांगितलं, तब्येत सांभाळ." मी मनाशी म्हटलं, केलं असेल काहीतरी. ते खरं मानणं मला सोयीचं होतं, म्हणून मी मानलं.

पुढच्या वर्षी रोहिणी लागायच्या आधी रजेवर आलो. दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात माझ्या हातचं मीठ आणलं होतं. शेवंता तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. तिने डबा उघडून चिमूट चाखली आणि मायकडे न बघता म्हणाली, "एक वर्ष उशिरा आनलंस दादा."

"चूप बस," माय म्हणाली.

"काऊन चूप बसू? आमी दीड महिना अळनी खाल्लं."

मग तिने सगळं सांगितलं. आखाडात मडकं रिकामं झालं. वस्तीत कुणीही मीठ दिलं असतं. पण माय मागायला गेली नाही. छपन्न साली आजोबांनी धम्म घेतला तेव्हा आमच्या घराने एक गोष्ट सोडली होती, कोणाच्या दारात उभं राहून मागणं. त्याआधी पिढ्यान् पिढ्या तेच करावं लागलं होतं. मायने ती शपथ भाकरीपुरती धरली नव्हती, मिठालाही लावली. आणि दुसरंही एक कारण होतं. मागायला गेली असती तर लोकांनी विचारलं असतं, पोराने मीठ आणून नाही ठेवलं? म्हणून ती सगळ्यांना सांगत राहिली, मीठ आहे. अंबाडीची आंबट भाजी करायची आणि तिच्यासोबत अळणी भात घशाखाली उतरवायचा. त्या दीड महिन्यात तिने कुणालाही जेवायला बसवलं नाही. आमच्या घरी असं कधी झालं नव्हतं.

त्यावरूनच सोमाभाऊच्या घरी ओळखलं. एका सकाळी आमच्या उंबऱ्यापाशी पळसाच्या पानांचा मोठा द्रोण होता, मिठाने भरलेला. आमच्याकडे मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. त्यामुळे खाली ठेवलेल्या मिठाचं कुणालाच काही बोलायची गरज पडली नाही. असे चार द्रोण आले. मायने प्रत्येक द्रोण जवसाने भरून त्यांच्या दाराशी परत ठेवला. दोन्ही घरं यावर एक शब्द बोलली नाहीत.

मी मायला म्हणालो, "मी विसरलो नव्हतो. मले लाज वाटली होती." गुरुजी, बूट, सोमाभाऊचं दोनदा विचारणं, सगळं सांगितलं.

ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही. "मले मालूम हाय. तू इसरनाऱ्यातला नाईस." सूप रिकामं झाल्यावर म्हणाली, "सोमाले जेवाले बोलाव."

तो जेवायला आला. मायने माझ्या डब्यातलं मीठ काढून सगळा स्वयंपाक केला. सोमाभाऊ पोटभर जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "मीठ बरोबर हाय बाई." मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "मी तुले दोनदा इचारलो होतो, बाबू."

"हो, भाऊ."

"तिसऱ्यांदा इचाराले पाह्यजे होतं मी," तो म्हणाला आणि सुपारी फोडायला बसला. त्याने दोष स्वतःकडे ओढून घेतला आणि मला तो उचलताही आला नाही.

त्या वर्षीचा बाजार मीच केला. मीठ सगळ्यात आधी घेतलं, सगळ्यांसमोर खांद्यावर टाकलं आणि बाकी सामानासोबत बंडीत घातलं. वाटेत वळवाचा शिडकावा झाला. घरी पोचेपर्यंत मिठाला पाणी सुटून गुळाची भेली चिकट झाली होती. मायने गुळाला बोट लावलं, चाटलं, तोंड वाकडं केलं. "म्हनून शेवटी घे म्हनलं होतं," ती म्हणाली आणि हसू लागली. मी गेल्यापासून तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं, असं शेवंता नंतर म्हणाली. ते चार महिने आम्ही खारट गुळाचा चहा प्यायलो, म्हणजे त्या दोघी प्यायल्या. मी तोवर बेटावर परतलो होतो.

मी पुढे पोर्ट ब्लेअरलाच स्थिरावलो. बायको इथलीच, रांचीकडून आलेल्या कुटुंबातली. मोहफुलं म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. माय गेली, सोमाभाऊही गेला. नाल्यावर पूल झाला आहे, आणि भर पावसात मोटारसायकलवरून पोरं बिस्किटाचे पुडे आणतात. चार महिन्यांचा बाजार आता कुणी भरत नाही. हे चांगलंच झालं, याबद्दल मला शंका नाही. ज्यांना अळणी जेवावं लागलं त्यांनी पुलाला नावं ठेवू नयेत.

पण आमच्या घरी अजून बाजार भरतो. इथे कोपऱ्यावर दुकान आहे, तरी मे संपता संपता मी मिठाची वेगळी फेरी मारतो. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी कुरखेडा तालुका सांगतो. मनात मात्र मला ती जागा दिसते, जिथे माझ्यामुळे एक मडकं रिकामं राहिलं आणि तरी कुणी माझं नाव खाली पडू दिलं नाही. तिथून मी निघालो होतो, आणि तिथे माझं पोचणं अजून चालू आहे.

शेवंता गावातच आहे, सोमाभाऊच्या घरापासून चौथं घर. दर मृगाला तिचा फोन येतो. ख्यालीखुशाली नंतर.

"मीठ घेतलं का, दादा?"

"घेतलं."

"पयले का शेवटी?"

"शेवटी."

"अन् घरी आनलं?"

"आनलं, बाई."

मग ती म्हणते, "बरं, आता बोल."