पाच खात्यांचं निरंक

चंद्रप्रकाश ओव्हाळांनी उभ्या आयुष्यात एकही नकाशा स्वतः काढला नाही, आणि तरी अर्ध्या उपनगराचे नकाशे त्यांच्या हाताखालून गेले. त्यांचं काम जुळवायचं. अंधेरीतल्या एका सरकारी इमारतीचा चौथा मजला, लिफ्ट बहुधा बंद, धापा टाकत वर जायचं आणि पाच खात्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर एकमेकांवर ठेवून बघायचं, की बाबांनो, तुम्ही सगळे एकाच मुंबईबद्दल बोलताय ना? बहुतेक वेळा नसत. घाटकोपरचा एकच नाला पाणीवाल्यांच्या नकाशात शाळेच्या डावीकडून वाहायचा आणि रस्तेवाल्यांच्या नकाशात थेट शाळेच्या वर्गातून. मुलुंडचं एक मैदान एका खात्याकडे मैदान होतं, दुसऱ्याकडे तलाव. जाऊन पाहावं तर तिथं टेम्पो उभे. आता बोला!

अशा वेळी ओव्हाळ फोन उचलायचे. आधी समोरच्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी, मुलीची दहावी कशी गेली ते, आणि मग हळूच, "साहेब, तो नाला जरा वीस फूट सरकवता का?" नाला सरकायचा. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी पाच खाती ओव्हाळांचं ऐकायची, कारण हा माणूस कुणावर आवाज चढवत नसे आणि स्वतःच्या मनानं नकाशात एक ठिपकाही टाकत नसे. "आपण जुळवणारे, काढणारे नाही," असं ते म्हणायचे. लोकांना वाटायचं, काय हा नम्रपणा! नम्रपणा कसला, भीती होती ती.

बारा वर्षांपूर्वी त्यांनी एकदाच एक दुरुस्ती स्वतः केली होती. एका बुद्धविहाराकडे जाणारा जिना कुठल्याच नकाशात नव्हता, तो त्यांनी जागेवर जाऊन मोजला आणि चढवला. जिना खरा होता, माप खरं होतं. पण महिन्याभरात निनावी पत्र आलं, की ओव्हाळ 'आपल्या लोकांना' नकाशात घुसवतात. आठ महिने चौकशी चालली. जिन्याच्या पायऱ्या मोजायला तीन माणसं गेली, तीनदा गेली. शेवटी ओव्हाळ निर्दोष ठरले, पण ते दोन शब्द फायलीत राहिले आणि काळजातही. पत्र लिहिणाऱ्याचं नाव कधी कळलं नाही. मेल्याचं भलं होवो, त्यानं एका चांगल्या माणसाचा हात कायमचा आखडून टाकला.

तर अशा माणसाची मोठी बहीण भांडुपच्या टेकडीवर राहत होती. सोनूबाई. ओव्हाळांची आक्का. आई गेली तेव्हा ओव्हाळ चौथीत होते, बीडकडच्या एका खेड्यात. आक्का लग्न होऊन भांडुपला आली होती. तिनं भावाला उचललं आणि आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत आणलं. मुलुंडच्या चार घरची धुणीभांडी करून त्याला शिकवलं. पुढं तिचा नवरा गेला, पोरबाळ झालं नव्हतं, त्यामुळे जे काही होतं ते हा भाऊच. ओव्हाळ नाहूरला फ्लॅटमध्ये गेले तेव्हा त्यांनी किती विनवण्या केल्या, पण ती ऐकेल तर शप्पथ. "तुझ्या लिफ्टीत माझा जीव घुसमटतो रं चंद्या," म्हणायची. "हितं मला समदी वळखतात. तिथं मला कोण इचारतंय?"

तिची वस्ती म्हणजे वरची टाकी. पाण्याची टाकी तिथं एके काळी होती, आता नुसते खांब उरलेत, पण नाव तेच. बासष्ट घरं, मध्ये छोटं विहार, वर निळ्या ताडपत्र्या. उपग्रहाच्या फोटोत तो निळा रंग इतका ठळक दिसायचा की चष्म्याशिवायही दिसावा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये वरून आदेश आला. डोंगरउतारावरच्या सगळ्या वस्त्यांचा एकच नकाशा करायचा. जी वस्ती नकाशात असेल तिच्यामागे संरक्षक भिंत बांधायची, आणि पावसाचा जोर वाढला की तिथं भोंग्याची गाडी जाऊन लोकांना खाली आणणार. चांगला आदेश होता, खोटं कशाला बोला. मुदत मात्र एकवीस दिवस! ओव्हाळांनी टेकड्यांचे चौकोन पाडले, चौकोनांना क्रमांक दिले आणि पाचही खात्यांना तक्ता पाठवला. आजवरचा अनुभव असा की अर्धी खाती रकाने कोरे ठेवून परत पाठवत आणि मग महिनाभर विचारत बसावं लागे. म्हणून त्यांनी पत्राच्या शेवटी एक ओळ घातली: 'माहिती नसल्यास निरंक असे नमूद करावे.'

सरकारी मराठीत 'निरंक' हा फार सोयीचा शब्द आहे. काही नाही, शून्य, सांगण्यासारखं काही नाही. लिहिला की रकाना भरला, काम संपलं. तक्ते या वेळी वेळेवर आले, पाचच्या पाच! ओव्हाळ खूश. मग त्यांनी चौकोन क्रमांक दोनशे सतरा उघडला. आक्काचा चौकोन. पाचही खात्यांचं उत्तर एकच होतं: निरंक.

कुणी खोटं बोललं होतं असंही नाही. जंगलवाल्यांचं म्हणणं, आमच्या हद्दीत वस्ती असूच शकत नाही, सबब नाही. जमीन मोजणाऱ्यांची शेवटची मोजणी वस्तीच्या आधीची. पाणीवाल्यांनी तिथं नळ दिलेला नव्हता, लोक खालून पाणी भरायचे. रस्तेवाल्यांच्या लेखी पायऱ्या म्हणजे रस्ता नव्हे. आणि घरांचं खातं खालच्या कुंपणापाशी थांबलं होतं. वरची जागा जंगलवाल्यांची, त्यांना विचारा. झालं! पाच जणांनी हात झटकले आणि बासष्ट घरांचं निरंक झालं.

"सर, घोटाळा झालाय," चेतना दळवी म्हणाली. चाळिशीची बाई, ओव्हाळांच्या शेजारच्या टेबलावर बसून नकाशांची मांडणी तीच करायची, आणि बोलायला एकदम फटकळ. "'वस्ती नाही' आणि 'आमच्याकडे माहिती नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? तुम्ही दोन्हीला एकच शब्द दिलाय."

ओव्हाळांचा चेहरा उतरला. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाची ही चूक, आणि ती बरोबर ओळखली गेली होती.

"मी टाकते वस्ती," चेतना म्हणाली. "फोटोत दिसतेय ढळढळीत. स्रोत म्हणून लिहू, प्रत्यक्ष पाहणी. तुम्ही दर रविवारी तिथं जेवायला जाता सर, याहून मोठी पाहणी कुठली?"

"म्हणूनच नको," ओव्हाळ म्हणाले.

"म्हणजे?"

"माझी बहीण राहते तिथं. उद्या कुणी पत्र लिहिलं तर?"

"लिहू दे ना!"

"तुला नाही कळायचं चेतना. तुझ्या नावावर कुणी 'आपले लोक' असं लिहीत नाही." हे ते अगदी हळू बोलले. त्यांनी पाचही खात्यांना स्मरणपत्र धाडलं, मग दुसरं, मग तिसरं. फोन केले, गुडघ्यांची चौकशी केली. सगळे गोड बोलले. पण वस्ती आपल्या नकाशात घेणं म्हणजे तिची जबाबदारी घेणं, आणि ती कोण गळ्यात बांधून घेणार? एकविसाव्या दिवशी ओव्हाळांनी अंतिम तक्त्यावर सही केली. दोनशे सतराच्या पुढं निरंक.

इकडे आक्कानं वस्तीभर सांगून ठेवलं होतं, की नकाशाचं काम माझ्या चंद्याकडंच आहे. दर दोन दिवसांनी तिचा फोन. सही झाली त्या संध्याकाळीही आला.

"चंद्या, चढलं का रं आपलं नाव?"

"प्रक्रियेत आहे आक्का."

"म्हंजी हाये ना?"

आता इथं एक शब्द बोलायचा होता. नाही. एवढाच. पण ज्या बाईनं आपल्या ताटातली भाकरी भावाच्या ताटात सरकवली, तिला 'तुझं घर मी शून्यात मांडून आलो' हे कसं सांगायचं? ओव्हाळांची जीभ रेटेना. सोमवारी चौथं पत्र लिहू, पुरवणी यादीत घालू, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"हं," ते म्हणाले.

"मग झालं," आक्का म्हणाली. "रविवारी ये. कोंबडी करते."

त्यांनी चौथं पत्र लिहिलं, पाचवंही लिहिलं. पुरवणी यादी निघायची होती दिवाळीनंतर. मे महिन्यात त्यांनी आक्काला सहज म्हटल्यासारखं विचारलं, "पावसाळाभर नाहूरला ये ना." ती हसली. भिंत बांधणार आहेत म्हणतोस, मग मी घर सोडून कशाला येऊ? त्यावर त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांनी दिलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी सलग चार दिवस झोडपून काढलं. चौथ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या गाड्या निघाल्या. नकाशात होत्या त्या वस्त्यांतून फिरल्या, लोक शाळांमध्ये नेले. गाड्यांच्या खुणा चौथ्या मजल्यावरच्या पडद्यावर सरकताना दिसत होत्या. दोनशे सतराच्या कडेवरून एक गाडी वळली आणि परत गेली. ओव्हाळ उठले. आक्काला फोन लावला, लागला नाही. वस्तीतल्या आणखी दोघांना लावला, तिथलं नेटवर्कच गेलेलं. ते छत्रीसुद्धा न घेता निघाले. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर पाणी साचलेलं, रिक्षा अडकली, तर उतरून चालत निघाले. पन्नाशी उलटलेला, मधुमेह असलेला माणूस, गुडघाभर पाण्यातून. दुपारी दोनच्या सुमारास विहारावरचा उतार खाली आला. ओव्हाळ पोचले तेव्हा चार वाजले होते आणि पायऱ्यांवर दोरी बांधलेली होती.

अकरा घरं गेली. सात माणसं. आक्का सहावी सापडली.

पुढच्या आठवड्यात काय व्हावं? पाचही खात्यांनी न मागता माहिती पाठवली. वरची टाकी आता पाचही नकाशांत होती, पाच वेगवेगळ्या नावांनी, ड्रोनच्या फोटोंसकट, घरांच्या संख्येसकट. जंगलवाल्यांना एकसष्ट घरं सापडली, घरांच्या खात्याला चौसष्ट. मेली तेव्हा दिसली होय रे तुम्हाला? चेतनानं तो ढीग ओव्हाळांपुढं न ठेवता स्वतःकडं ठेवून घेतला. पण ते रजेवरून आले आणि म्हणाले, "दे. माझं काम आहे." पाच नकाशे त्यांनी एकमेकांवर ठेवले. चौसष्टची बासष्ट केली, एकसष्टची बासष्ट केली. त्यातली अकरा वेगळ्या रंगात दाखवा असा आदेश होता. त्यांनी एकेका घराला रंग दिला. आक्काच्या घरापाशी आले तेव्हा माऊस हलेना. मग तेही त्यांनी रंगवलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

वस्तीतल्या वाचलेल्या लोकांना खालच्या शाळेत ठेवलं होतं. गेलेल्यांच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला ओव्हाळ तिथं गेले. आक्काची शेजारीण राधा कोपऱ्यात बसली होती. तिचं घर वाचलं होतं, सासरे गेले होते. ओव्हाळांना पाहून ती उठली, डोक्यावर पदर घेतला, "जयभीम दादा," म्हणाली आणि त्यांना बसायला सतरंजी सरकवली.

 मग म्हणाली, "दादा, एक विचारू? गाडी वर का नाय आली?"

ओव्हाळांनी सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ केलं.

"खालच्या गल्लीत भोंगा वाजला तो आम्ही ऐकला. ते लोक निघाले तशा आम्ही पण पिशव्या भरल्या. सासऱ्यांना चप्पल पण घातली. तर आक्का दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, घाई करू नका, म्हातारी माणसं पायऱ्यांवरून पडतील. आपलं नाव नकाशात हाये, माझ्या भावानं सांगितलंय, गाडी आपल्यालाबी न्यायला येनार. म्हणून आम्ही थांबलो. सगळी गल्ली थांबली, आक्कांच्या शब्दावर. मग गाडी चुकली का दादा?"

आतापर्यंत ओव्हाळांना वाटत होतं, आपण आक्काला मारलं. त्या दुःखाशी त्यांनी कसंबसं जुळवून घेतलं होतं. आता कळलं, की त्या एका 'हं'नं तिला दारात उभं केलं होतं, आणि तिनं सगळ्यांना अडवलं होतं. बाकीच्या सहा जणांना.

"गाडी चुकली नाही," ते म्हणाले. या वेळी त्यांनी वाक्य पुरं केलं. "नाव नव्हतंच, राधा. मला माहीत होतं. मी तिला खोटं बोललो. तिला वाईट वाटेल म्हणून."

 राधा ओरडेल, शिव्या देईल, निदान तोंड फिरवेल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. तिनं डोळे पुसले, पदर नीट केला.

"आक्कांना हे कळलं नाय," ती म्हणाली, "तेवढं एक बरं झालं."