आलं गाव

संध्याकाळी दिवा लावला की ती बटणावरचा हात लगेच काढत नसे. ट्यूब दोनदा लुकलुकून नीट पेटेपर्यंत बोट तिथंच असायचं. मग दोन्ही हात जोडायची आणि हळूच म्हणायची, "आलं गाव."

तुमच्याही घरात तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर कुणीतरी हात जोडत असेल. मी वायरमन आहे. परळला एका गल्लीच्या तोंडाशी माझं लहानसं दुकान आहे, आणि लोकांच्या भिंतींतून वायरी ओढण्यात अर्धं आयुष्य गेलं. दिवा लागला की माणसं काय करतात, हे मी जेवढं पाहिलं तेवढं फार कुणी पाहिलं नसेल. गिरगावात एक बाई आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी ट्यूबलाइटला नमस्कार करतात. खोताच्या वाडीत एक आंटी आहे, तिच्या अल्तारावर क्रूसापुढे लावलेला लाल बल्ब कधी विझत नाही. फ्यूज बदलायचा असला तर ती आधी मेणबत्ती लावते, मगच मला मेन स्विचला हात लावू देते. माटुंग्याला एका घरी 'दिवा बंद कर' म्हटलेलं चालत नाही, 'शांत कर' म्हणावं लागतं. पण ही वीज येते कुठून, असं विचारलं तर सगळे मीटरकडे बोट दाखवतात. टॉवरमधल्या एका साहेबांनी तर मला मोबाइलवरचं बिल भरायचं ॲप दाखवलं होतं.

हिला मात्र पक्कं ठाऊक होतं. तिच्या घरात वीज तिच्या गावाहून येत होती.

सगळी बिल्डिंग तिला मावशी म्हणायची, मीही. ती इथल्याच एका हॉस्पिटलात आया होती. मी ओळखायला लागलो तेव्हा बिल्डिंगच्या जागची जुनी चाळ अजून पडायची होती आणि तिची नोकरी संपत आली होती. तिचं गाव सह्याद्रीत, नदीच्या काठाला. ती लहान असताना तिथं धरण झालं, विजेसाठी, आणि गाव पाण्याखाली गेलं. तोवर त्या गावात एकही बल्ब लागलेला नव्हता. बाप पोरांना घेऊन मुंबईत आला आणि परळच्या चाळीत भावाकडे उतरला. संध्याकाळी भावानं बटण दाबलं, खोली पिवळी झाली. बाप कितीतरी वेळ वर बघत बसला आणि म्हणाला, "आलं की रं गाव." बापाचं ते बोलणं पोरीनं उचललं आणि जन्मभर सोडलं नाही. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी तिचा पंखा बसवत होतो आणि ती खाली मेथी निवडत होती. सांगताना तिची मेथी थांबली नाही.

घर बौद्धांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, समोर मेणबत्ती. शेजारीण थट्टेनं विचारायची, तुम्ही देव मानत नाही ना, मग बल्बला नमस्कार कसला? मावशी म्हणायची, "देवाला कोण करतंय? गाववाल्यांना करते."

हॉस्पिटलात कधी वीज जाऊन जनरेटर सुरू झाला तर मात्र ती हात जोडत नसे. "ही आपली न्हाई, डिझेलची," असं शेजारच्या आयाला सांगायची. पेशंटसुद्धा हसायचे. आणि चाळीत फ्यूज उडून तासाभरानं परत दिवे लागले, की गॅलरीतून तिचा आवाज यायचा. इतर चाळींत पोरं नुसतं 'आली' म्हणून ओरडतात. तिच्या चाळीतली पोरं तिच्यामागून 'आलं गाव' ओरडायची. त्यातल्या निम्म्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, आणि कुणी विचारतही नव्हतं.

ती गावाकडे पुन्हा गेली नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, तेव्हा जुन्या देवळाचा कळस उघडा पडतो आणि पांगलेली माणसं तो बघायला जातात. मी तिला म्हटलं होतं, मावशी, एकदा जाऊन या, मी गाडी करून देतो. ती म्हणाली, "देऊळ वर होतं. आमची वाडी खाली, नदीला लागून. पाणी पहिलं आमच्यात शिरलं. ती न्हाई उघडी पडत." पुढे मी तो विषय काढला नाही.

चाळ पडली, तिथंच बिल्डिंग उभी राहिली आणि मावशीला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. तिथंही बटण, बोट, हात जोडणं सगळं तसंच. मग दोन वर्षांपूर्वी सोसायटीनं गच्चीवर सोलरच्या पाट्या बसवायचं ठरवलं. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे उन्हावर चालणार होते. काम मला मिळणार होतं. सेक्रेटरी तरुण मुलगा, गिरणीच्या जागेवर झालेल्या एका ऑफिसात नोकरीला. तो घरोघर फिरून सगळ्यांना समजावत होता. मावशीनं त्याला दारातूनच नाही म्हणून सांगितलं. बहुमत होतं, तिच्यावाचून काही अडलं नसतं. पण तिसरा मजला तिच्या बाजूला गेला. कुणाच्या लेकीची बाळंतपणं, कुणाची आजारपणं, कुणाच्या म्हाताऱ्यांची शेवटची दुखणी, तिनं काय काय निस्तरलं होतं ते लोक विसरले नव्हते. सेक्रेटरी वैतागून दुकानात आला आणि म्हणाला, "काका, तुम्हीच बोला त्यांच्याशी. मला त्या म्हणतात, माझं गाव तोडू नको. आता ह्याला मी काय उत्तर देऊ?"

दिवेलागणीला गेलो. ती खुर्चीत बसली होती, गुडघे आता वाकत नव्हते. मी समजावलं, की हे फक्त लिफ्टला आणि जिन्याला आहे, तुमच्या घरातल्या वायरीला मी हातही लावणार नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आज लिफ्ट, उद्या घर. एकदा सगळं उन्हावर गेलं की धरणाची वीज कोण घेणार? आणि धरणाची वीज कुणी घेतली नाही, तर गाव बुडालं ते कशासाठी?

तिला खरोखर भीती वाटत होती. ती हट्टानं बोलत नव्हती. गावातलं जे काही तिच्यापर्यंत पोचत होतं, ते रोज संध्याकाळी ह्या एका ट्यूबमधून, आणि आम्ही तेच तोडायला निघालो आहोत असं तिला वाटत होतं.

बाहेर अंधारलं होतं, तरी तिनं दिवा लावला नाही. मला म्हणाली, "तू वायरमन आहेस. खरं सांग. माझ्या खोलीत आमच्या धरणाचं येतं का?"

ह्या प्रश्नाचं सरळ उत्तर कुणालाच देता येत नाही. खाडीकाठी कोळसा जळतो त्याची वीज, डोंगरातल्या पाण्याची वीज, कुठल्या कुठल्या राज्यांतून येणारी उन्हाची आणि वाऱ्याची वीज, सगळी एकाच जाळ्यात येते. तुमच्या पंख्यात कुठली आणि माझ्या दिव्यात कुठली, हे वेगळं काढणं शक्य नाही. नुसतं 'हो' म्हणून सुटता आलं असतं. पण तिनं खरं सांग म्हटलं होतं, आणि तिच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "येत असणार, मावशी. पण एकटं नाही येत. सगळ्यांच्यात मिसळून येतं. हे तुमचं आणि हे दुसऱ्याचं, असं कुणी सांगू शकत नाही."

मला वाटलं, आपण तिच्याकडचं होतं नव्हतं तेही घेतलं.

ती बोलली ती माझ्याकडे न बघता. "नदीवर दोन पाणवठे होते. वरचा त्यांचा, खालचा आमचा. माझी आई उन्हातान्हाची खालून भरायची. वरच्याला हात लावला म्हणून एकदा तिची घागर फोडली होती." मग म्हणाली, "धरणात ते एकच पाणी झालं, न्हाई का? आणि आता तू म्हणतोस, तारेत पण कुणाचं कुठलं ते कळत न्हाई."

मी मान हलवली.

"मग येऊ दे मिसळून," ती म्हणाली. "तुझं ऊन पण येऊ दे. सांग त्या पोराला."

माझं गाव कोकणात. आमचं घर वरच्या आळीला. बौद्धवाडीची विहीर आजही वेगळी आहे, आणि ती का वेगळी आहे हे मी कधी कुणाला विचारलेलं नाही. ते मला तिच्यासमोर बसल्यावर आठवलं. ती उठली, भिंतीला धरत बोर्डापर्यंत गेली, बटण दाबलं. ट्यूब लुकलुकून लागली. त्या दिवशी तिनं हात जोडले, पण काही म्हणाली नाही. नुसती दिव्याकडे बघत उभी राहिली, आणि चेहरा असा होता की मी नजर वळवली.

पाट्या यायला उशीर झाला. दरम्यान थंडीत तिला धाप लागली. ज्या हॉस्पिटलात तिनं जन्म काढला तिथंच नेलं, आणि तिथूनच ती गेली. मला फार लागलं. नात्याची नव्हती, पण तिन्हीसांजेला दुकानातला दिवा लावताना माझंही बोट बटणावर थोडं थांबायला लागलं होतं, हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

जोडणीच्या दिवशी सगळ्या बिल्डिंगची वीज बंद ठेवावी लागली. काम संध्याकाळपर्यंत लांबलं. तळमजल्यावर मीटरच्या खोलीत मी आणि सेक्रेटरी, तो टॉर्च धरून. खोलीच्या उघड्या दारातून जिना वरपर्यंत दिसत होता, लोक जिन्यात आणि दारांत उभे होते. मी मेन स्विच वर केला. जिन्यातले दिवे लागले, लिफ्ट वर निघाली, आणि मागोमाग घराघरातल्या ट्यूबा पेटल्या.

कुणी काहीच बोललं नाही. पोरंसुद्धा. तिसऱ्या मजल्यावरून आवाज यायची सगळ्यांना सवय होती आणि सगळे वर बघत होते. मावशीची लेक आता त्या घरात राहत होती, ती कठड्याशी आली होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. सेक्रेटरी हळूच म्हणाला, "काका, तुम्ही म्हणा."

स्विचवरचा हात मी अजून काढला नव्हता. मी हात जोडले आणि म्हणालो, "आलं." आमच्या गावची ती वेगळी विहीर आठवली आणि पुढचा शब्द मला म्हणवेना.