शनिवारचा प्राणायाम

आज इथे चँडलरमध्ये योगाची नवी मॅट उलगडली आणि रबराच्या वासानं थेट मी पूर्वी राहायचे त्या ॲन आर्बरमधलं जोशीकाकूंचं बेसमेंट आठवलं. बाबा गेले तेव्हा व्हिसामुळे मला घरी जाता आलं नव्हतं. मैत्रिणीनं मला बळेच काकूंकडच्या शनिवारच्या प्राणायामाला नेलं. सगळे डोळे मिटून शांत बसलेले. मला मात्र क्षणभरही स्वस्थ बसवेना. मी उठून दाराकडे निघाले.

"मन लागत नाही ना?" काकू हळूच म्हणाल्या. "माझंही नाही लागत गं. काका गेल्यापासून एकटीनं श्वाससुद्धा घेववत नाही, म्हणून तर सगळ्यांना बोलावते. बस."

मी बसले. तगमग थांबली नाही, पण रडू फुटलं. कुणीच डोळे उघडले नाहीत. कुणाला कळलं नाही, असं तेव्हा वाटलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं, हे आता कळतं.